निळ्या फ्रॉकचं अस्तर

८ जून, रविवार

दहा किलो दोनशे. वर्षभर काटा तिथेच. नात, आमची मुकादम, म्हणाली, "आजोबा, काटा झोपलाय. त्याला हलवून उठवा."

उद्यापासून दुसरं औषध. इतके दिवस एकटी कॅप्सूल होती, आता तिच्या जोडीला पांढरी गोळी. या नव्या औषधाच्या चाचणीचा कागद सतरा पानी! मी चौथी पास, उरलेलं सगळं पुस्तकं वाचून शिकलेलो — शब्दकोश मांडीवर घेऊन पाच दिवसांत वाचून काढला. कळलं ते असं. पोरीच्या अंगात एक प्रथिन बिघडलेलं आहे, ते साचत राहतं, आणि म्हणून आठ वर्षांच्या मुलीच्या नसा म्हाताऱ्या माणसासारख्या ताठ होतात, केस जातात, वजन वाढत नाही. कॅप्सूल त्या प्रथिनाला पेशीत चिकटू देत नाही. गोळी साचलेला कचरा काढून टाकायला मदत करते. दोन्ही मिळून जास्त काम करतील का, ते बघायचं आहे. "करतील" असं कुठेच लिहिलेलं नाही. दोनदा शोधलं.

सही लेकीने केली. आईची सही लागते. माझा हात तिच्या खांद्यावर होता, तो सहीत धरायचा का नाही ते कागदात नव्हतं.

९ जून

गोळी घेतली. "चव कशी गं?" "खडूसारखी." "तू खडू कधी खाल्लास?" "पहिलीत. सगळेच खातात, आजोबा."

१५ जून, रविवार

आज चाचणीच्या नर्सताईंनी फोनवर नियम परत सांगितले. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, अनवाणी, आणि दर वेळी त्याच कपड्यात वजन करायचं. आकडा फोनवर कळवायचा, कारण गोळीची मात्रा वजनावर ठरते. दवाखाना लांब, तिथे तीन महिन्यांतून एकदा.

तोच कपडा म्हणजे निळा फ्रॉक. आमच्या बाईसाहेबांना शाळेतही तोच हवा असतो. मी शिवलेला आहे, त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच येते. मशीनवर बसलो की कमरेवर हात ठेवून उभी! "टीप वाकडी गेली. उसवा." उगाच नाही तिला मुकादम म्हणत.

तक्त्यावर आकडे मी लिहितो. अक्षर चांगलं आहे माझं. दहा दोनशे.

२१ जून, शनिवार

शाळेतून आली ती तिरकी चालत. लाकडी बाक. अंगावर चरबी म्हणून नाहीच पोरीच्या — हाड आणि बाक, मध्ये फक्त कापड. "टोचतं का?" "नाही." मग थोड्या वेळाने, "तुम्ही कुणाला सांगणार नसाल तर टोचतं."

फ्रॉकला मागून अस्तर लावलं, आत कापसाचा थर, वरून बारीक चौकटी टीप घातली, म्हणजे कापूस सरकायचा नाही. फरशीवर बसली, उठली, परत बसली. "पास."

जन्मभर लोकांच्या कोटांना खांदे लावले. कुणाला इतकं मऊ शिवलं नव्हतं.

२९ जून, रविवार

दहा तीनशे!! मागच्या रविवारी काटा जरासा हलला होता, मी भ्रम समजलो.

५ जुलै

दप्तराचा पट्टा खांद्यावर रुततो. दोन्ही खांद्यांना थर दिला. पाठीलाही — खुर्चीची दांडी लागते. दर शनिवारी टोचणारी एक नवी जागा सापडते. मुकादम म्हणाली, "आजोबा, मी आता उशी झाले." म्हटलं, "मग झोप स्वतःवर."

१३ जुलै, रविवार

दहा साडेचारशे.

लेकीला आकडा सांगितला. ती कणीक मळत होती. हात तसेच पिठात ठेवून उभी राहिली. मग तोंड फिरवून म्हणाली, "बाबा, चष्मा लावून बघितलंत ना?" लावला होता. मनगटाने डोळे पुसले, पीठ नाकाखाली लागलं.  मुकादम बोलली — "आई, तुला पांढरी मिशी आली!"

२० जुलै

दहा पाचशे. नर्सताई फोनवर खूश. डॉक्टरीणबाईंना विचारून गोळीची मात्रा एक पायरी वाढवली. आजपासून दीड.

आज मी आणि मुकादमने आरशात आपापली टकलं बघितली. ती म्हणाली, "माझं जास्त गुळगुळीत." खरं आहे. माझ्याला कडेने झालर आहे.

२८ जुलै

तोंडात फोड आलेत. गालाच्या आत तीन, जिभेखाली एक. नर्सताई म्हणाल्या, नव्या औषधाने असं होऊ शकतं, तोंडाला लावायचं औषध पाठवते. गार दूध कापसाने ओठांवर सोडतो, तसं थोडं पिते.

३१ जुलै

दिवसभरात अर्धी वाटी खीर. बोलत नाही. बोटाने हुकूम सोडते.

३ ऑगस्ट, रविवार

दहा सहाशे. लेकीने कपाळाला आठ्या घातल्या. "खात तर नाही. मग वाढतंय कसं?" मी म्हटलं, औषधाचा गुण! ठसक्यात म्हटलं. तक्त्यावर आकडा नेहमीपेक्षा मोठा लिहिला.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी दोरीवरून वाळलेला फ्रॉक काढला, आणि हाताला कळलं.

पन्नास वर्षं कापड तोललंय या हाताने. हिवाळी कोट का उन्हाळी, गिऱ्हाईक दारात असतानाच सांगायचो. आणि हा फ्रॉक सात आठवडे दर शनिवारी या हातातून गेला — थर लावताना, टीप मारताना — तेव्हा कळलं नाही. तेव्हा माझ्या हातात फ्रॉक नव्हताच, तिचं दुखणं होतं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. साडेपाचशे ग्रॅम. शिवला तेव्हा शंभर होता.

बसलो तसाच. बेरीज-वजाबाकी मला शिंप्याची येते, एवढी पुरते. फ्रॉक साडेचारशेने वाढला, काटा चारशेने; पोरगी वाढलेली नाही. उलट पन्नास ग्रॅम उतरली. वाढलं ते माझं अस्तर. आणि त्या अस्तराच्या हिशेबाने तिला दीड गोळी चालू होती.

"त्याच कपड्यात" असं सांगितलं होतं, मी नियम पाळतोय म्हणूनच समजत होतो. दुरुस्तीला आलेला कोट कितीही बदलला तरी गिऱ्हाइकाचा तोच कोट असतो — आमच्या धंद्यात असंच म्हणतात. दवाखान्यात तसं नसतं.

चाचणीच्या कागदाचं अकरावं पान पाठ आहे मला. चुकीची माहिती दिल्यास मुलाला चाचणीतून काढता येईल. काढलं तर दुसरी गोळी बंद. कायमची. ही गोळी बाजारात मिळत नाही. तेवढी एकच वाट आहे पुढे, आणि तिच्यात मी माझ्याच हाताने कापूस कोंबला.

एक विचार आला, लिहून ठेवतो — इथे खोटं लिहून काय करू. टाके उसवावेत हळूहळू. दर आठवड्याला एक थर. आकडा उतरत जाईल, मात्रा उतरेल, कुणाला कळणारही नाही. कात्री हातात घेतली होती.

आतून मुकादमने हाक मारली. पाणी हवं होतं. फोडांमुळे "पाणी" म्हणता येईना तिला, नुसतंच "आ" झालं.

कात्री ठेवली. संध्याकाळच्या गोळीला दोन तास होते. फोन लावला.

नर्सताईंनी डॉक्टरीणबाईंना दिला. सगळं सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग — "आजची गोळी देऊ नका. किती रविवार झाले, आजोबा?" "सात." "बरं." मग, "आज कळलं आणि आजच सांगितलंत?" "हो." "बरं केलंत."

"पोरीला काढाल का?" विचारलंच. म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या हातात नाही. चाचणीच्या समितीपुढे ठेवावं लागेल."

लेक कामावरून आली तेव्हा दारातच सांगितलं. चप्पल पायातून काढायची राहिली तिची. मी म्हटलं, बोल काय बोलायचं ते. ती म्हणाली, "मीच म्हणाले होते ना तुम्हाला, बाकाचं काहीतरी करा म्हणून." म्हणाली नव्हती. कधीच म्हणाली नव्हती.

६ ऑगस्ट

मुकादमला सांगितलं. तिचं वजन आहे, तिला कळायला हवं. विचार करून म्हणाली, "म्हणजे मी नाही, फ्रॉक जाड झाला." मग, "काढू नका हं अस्तर. मी चड्डीवर वजन करीन. तुम्ही भिंतीकडे तोंड करा."

१० ऑगस्ट, रविवार

तोंड भिंतीकडे. आकडा तिनेच मोठ्याने वाचला. दहा पन्नास. खरा.

१९ ऑगस्ट

फोड गेले. परत एक गोळी सुरू — समितीचं उत्तर येईपर्यंत देता येते म्हणाल्या. पोरीने एक अख्खा बटाटा खाल्ला आणि माझ्या ताटातला अर्धा पळवला. शिवाय, "मीठ कमी."

२५ ऑगस्ट

उत्तर नाही. टपालवाल्याची सायकल आता आवाजावरून ओळखतो.

२ सप्टेंबर

दवाखाना. मानेला गार जेली लावून यंत्र फिरवतात, नस किती ताठ आहे ते बघायला. जेली लागली की मुकादम खिदळते, मग परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा माझं बोट धरून डोळे मिटून पडली, जशी काही मेलीच. मधेच एक डोळा उघडून, "घाबरलात?"

घाबरलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी पडदा दाखवला. रेषा मला काय कळणार. म्हणाल्या, "गोळीच्या आधी, मे महिन्यात होती त्यापेक्षा नस थोडी सैल आहे. थोडीच. आणि हे मोजमाप मानेचं आहे, आजोबा, फ्रॉकचं नाही." मग हसल्या. मला हसू आलं नाही.

वजन दहा दीडशे. दहा ऑगस्टपासून शंभर ग्रॅम, तिच्या स्वतःच्या अंगाचे.

आणि पोरगी चाचणीत राहणार! समितीने फक्त ते सात रविवार रद्द धरलेत. तक्ता दाखवला मला. माझ्या चांगल्या अक्षरावर लाल रेघ. लेकीने माझी बाही घट्ट धरली होती, शिवण उसवेल इतकी. उसवू दे.

९ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंचा फोन. माझ्या सांगण्यानंतर त्यांनी चाचणीतल्या बाकीच्या अकरा मुलांच्या घरी चौकशी केली — वजनाच्या वेळी अंगावर नेमकं काय असतं. एकाच्या पँटला आजीने फोम शिवलाय. एक पोरगी कायम कुडकुडते, तिचे वडील तिला तीन बनियनं घालतात. आणखी दोन घरी असंच काहीबाही. चार घरं! कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यातल्या दोघांची मात्रा वाढवली होती, दोघांचंही तोंड आलं होतं.

आज त्या दोघांच्या गोळ्या कमी केल्या.