तुझ्या कंटेनरमधली जनावरं

१४ मे

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तिच्या जनावरांच्या दवाखान्यात कुणी कुत्रं घेऊन आलं की ती टुणकन उठते. बाबांनी गॅलरीतली खुर्ची रंगवली आणि वाळायच्या आत तिच्यावर बसले. तुझी नवी नोकरी, नवी खोली, सगळं आईकडून कळतं. रोज कळतं. जेवताना, केर काढताना, मांजराला इंजेक्शन देताना.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहितेय.

तू जाण्याआधी दवाखान्यासाठी प्रोग्राम केलास. कुठल्या जनावराला कुठली लस, कुठलं औषध, सगळं त्यात. आई येईल त्याला दाखवते, माझ्या लेकानं केलाय म्हणून. त्यात रोज माहिती भरते मी. अडला की चालू करते मी. पण मी काय, घरचीच. स्पष्टच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. चांगला पोटात दुखेपर्यंत वाटतो.

परवा तू पाठवलेली नवी आवृत्ती चढवली. जुना कंटेनर, म्हणजे प्रोग्राम ज्यात चालतो तो डबा, थांबवला, नवा सुरू केला. तूच शिकवलं होतंस की कंटेनर म्हणजे भाड्याची खोली, कधीही सोडता आली पाहिजे. सामान, म्हणजे डेटा, बाहेर आपल्या डिस्कवर. त्यामुळे मी बिनधास्त होते. स्क्रीन उघडली तर एकही जनावर नाही. समोर टेबलावर एका म्हाताऱ्या कुत्रीला झटके येत होते, आईला तिचा मागचा डोस हवा होता, आणि तुझा प्रोग्राम म्हणत होता, पहिल्या पेशंटचं नाव टाका. आईनं अंदाजानं औषध दिलं. कुत्री सावरली. पण आईला असं अंदाजानं औषध देताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी आतल्या खोलीत जाऊन शोधत बसले. बारक्या, तू डिस्कवरची बाहेरची जागा जोडली होतीस, पण भलत्याच फोल्डरला. डेटाबेस लिहीत होता त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये, कंटेनरच्या आत. नुसतं बंद-चालू केलं तर आतलं टिकतं, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही. बाहेरची जागा कोरी करकरीत.

आणि मला आनंद झाला रे. हुशार लेकाची चूक सापडली!

जुना कंटेनर नुसता थांबलेला होता, काढलेला नव्हता. सगळी जनावरं आत सुखरूप होती. तो काढून टाकला असता तर ती कायमची गेली असती, आणि खापर तुझ्या डोक्यावर फुटलं असतं. मी तशी कमांड टाइपही केली. दारातून आई दिसत होती. दुखरा गुडघा घेऊन त्या कुत्रीपाशी जमिनीवर बसलेली. मी कमांड खोडली.

जुना कंटेनर चालू करून डेटाची नक्कल काढली, नव्यात भरली, या वेळी बाहेरची जागा बरोबर फोल्डरला जोडून. मग खात्री करायला मुद्दाम तो नवा कंटेनर काढून टाकला आणि परत उभा केला. एकूण एक जनावर जागेवर.

आईला सांगितलं, सगळं परत आलं. पुढचं सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बघ, माझ्या लेकाचं काम किती पक्कं. काही म्हणजे काही गेलं नाही."

मी त्या कुत्रीचा डोस प्रोग्राममध्ये भरायला वळले. बोलले असते तर रडले असते.

रविवारी ती तुला फोन करून शाबासकी देणार आहे. आजवरच्या सगळ्या तू घेतल्यास, मी काही म्हटलं नाही. ही मात्र घेऊ नकोस. काय झालं ते तुझ्या तोंडानं तिला सांग. मी सांगितलं तर ती चुगली ठरेल.

रविवारी तिच्या शेजारी बसून ऐकणारी,
तुझी ताई