आवाज बदलता कामा नये

बेंगळुरू, १२ जुलै

प्रिय वनजाक्का,

वाकून नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. चटणीपुडीचा डबा पोचला. ह्यांनी पहिल्याच दिवशी अर्धा संपवला. म्हैसूरला पाऊस लागून राहिलाय म्हणे. गुडघा कसा आहे?

फोन न करता पत्र लिहितेय याचं तुला नवल वाटेल. फोनवर मी कशी बोलते ते तुला माहीत आहे.

गेल्या महिन्यात चैत्रा नावाच्या मुलीने तुला फोन केला होता, औषधं कशी आणता ते विचारायला. ती माझ्याच ऑफिसातली. तुझा नंबर मीच दिला. ‘ओळखीच्या बाई आहेत’ एवढंच तिला सांगितलं, म्हणजे तू मोकळेपणी बोलशील. बोललीस.

मी ऑफिसात नेमकं काय लिहिते, असं तू कितीदा विचारलंस. नवं काही बनवायचं ठरलं की ते कोणासाठी, त्या माणसाची अडचण काय, आपण काय करायचं आणि काय नाही, हे मी आधी लिहून काढते. त्याला पीआरडी म्हणतात. ते वाचून बाकीचे बनवायला घेतात. नव्या मुलांना मी नेहमी बजावते, अडचण आपल्या मनाची लिहू नका, त्या माणसाच्या तोंडची लिहा.

या वेळी एकट्या राहणाऱ्या वयस्कांसाठी औषधं मागवायचं अ‍ॅप होतं. चैत्राने तुझं बोलणं टिपून आणलं: ‘धाकटी बहीण हेच काम करते हो, बेंगळुरात. पण विचारलं की ती आधी उसासा टाकते, आवाज बदलतो तिचा. मग काय विचारायचं होतं तेच मी विसरते. त्यापेक्षा प्रेशरची गोळी दोन दिवस चुकली तरी चालते.’

मी ते काढून टाकलं. ‘घरात मदतीला कोणी नाही’ असं सभ्य वाक्य घातलं. चैत्रा म्हणाली, “मॅडम, हेच तर तुम्ही आम्हाला करू देत नाही.” मग तुझे शब्द दुसऱ्या पानावर परत घातले.

बैठकीत आधी सगळे गप्प बसून वाचतात. वाचून झाल्यावर आमच्यातला नवीन नावाचा मुलगा म्हणाला, “मॅडम, या बहिणीला आपल्याकडे नोकरी देऊ नका हं.”

“असेल कुठेतरी मोठ्या पदावर आधीच,” चैत्रा म्हणाली.

सगळे हसले. मीही हसले, अक्का. चांगली मोठ्याने.

मग ठरलं, ‘पुन्हा सांगा’ असं एक बटण ठेवायचं. कितीही वेळा दाबलं तरी आवाज बदलता कामा नये. ते वाक्य मी लिहिलं. सगळ्यांना फार आवडलं.

कॉन्व्हेंटच्या फाटकाशी तू रोज गुडघ्यावर बसून मला बुटाची नाडी बांधायला शिकवायचीस. आत घंटा होऊन गेलेली असायची. मला ती गाठ तिसरीपर्यंत आली नाही, आणि उशिराची शिक्षा तुलाही व्हायची. तू कधी ‘चल लवकर’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. आठवून पाहिलं.

शनिवारी येतेय. गोळ्या घेऊन येते. फोनवरून कशा मागवायच्या ते दाखवीन, तू म्हणशील तितक्या वेळा. मला उसासा आला तर तिथल्या तिथे सांग. तोपर्यंत गोळी चुकवू नकोस, शेजारच्या मुलीला दुकानात पाठव. आणि मी घरात नको वाटले, तर दारातच गोळ्या तेवढ्या घे. मी परत जाईन.

तुझी,
दुसऱ्या पानावरची,
जलजा