हळू श्वास घ्या, बाबा

१२ सप्टेंबर

नर्सिंगचा तास अर्धा टाकून बाहेर आले. आजवर असं कधी केलं नव्हतं.

मॅडम रक्तातलं आम्ल आणि आम्लारी शिकवत होत्या. पीएच ७.३५ ते ७.४५. "एवढ्याशा फटीत जगतो आपण, मुलींनो!" मग त्यांचा नेहमीचा विनोद – आम्ल वाढलं की फुप्फुसं मिनिटांत कामाला लागतात, ती खासगी नोकरीतली. मूत्रपिंडं सरकारी, त्यांची फाईल हलायला दोन-तीन दिवस! सगळ्या हसल्या. मीही हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग उदाहरण दिलं. मधुमेहाचा पेशंट, इन्सुलिन चुकलेलं, रक्तात आम्ल साठलेलं. श्वास खोल, भराभर, न थांबणारा. "हे घाबरणं नव्हे. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून शरीर आम्ल कमी करतंय. तो श्वास अडवाल तर पेशंट हातचा घालवाल."

फळ्यावर त्यांनी बाबाच लिहिले होते.

१३ सप्टेंबर

कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे.

बाबा गेले त्या रविवारी सकाळी मी हॉस्टेलवरून घरी गेले. बाबांना तीन दिवस ताप, उलट्या, पोटात अन्न नाही. खुर्चीत बसून चार जिने चढल्यासारखा श्वास घेत होते. आई म्हणाली, "कालपासून असंच चाललंय. डॉक्टरांना बोलवू का?" मी म्हटलं – थांब. निवृत्तीचं पत्र आलंय ना, टेन्शन घेतलंय त्यांनी.

त्याच्या महिनाभर आधी वॉर्डात एक मुलगी परीक्षेच्या भीतीनं अशीच धापा टाकत आली होती. बोटांना मुंग्या. जुन्या सिस्टरनी तोंडाला कागदी पिशवी लावली, पाच मिनिटांत मुलगी शांत. ते डोक्यात बसलं होतं. बाबांच्या गोळ्यांची कागदी पिशवी रिकामी केली आणि त्यांच्या तोंडावर धरली. "हळू श्वास घ्या, बाबा. यातच घ्या." त्यांनी दोनदा ती बाजूला सारली. मी परत लावली. तेवढ्या धापेतही म्हणाले, "बरं सिस्टरबाई... तुम्ही म्हणाल तसं."

पिशवी आईच्या हातात दिली. "अजिबात काढू नकोस," म्हटलं आणि क्षारांची पुडी आणायला गेले. दुकानात गर्दी. अर्ध्या तासानं आले तर बाबा हाकेला ओ देत नव्हते. दवाखान्यात नेलं, दुपारी तिथेच गेले.

आणि इन्सुलिन? "जेवत नाही तर सुई कशाला," म्हणून तीन दिवस घेतलंच नव्हतं. हे नंतर कळलं. मी विचारलंच नाही! मधुमेही बाप, नर्सिंगची मुलगी – आणि विचारलं नाही.

१४ सप्टेंबर

धडा चार वेळा वाचला. घाबरलेल्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड फार उतरतो, रक्त आम्लारीकडे झुकतं. बाबांचं रक्त नेमकं उलट, आम्लाकडे. बाहेरून दोन्ही श्वास सारखेच दिसतात. मॅडम म्हणतात, पिशवी आता घाबरलेल्यालाही देत नाहीत.

बाबा जे बाहेर टाकत होते, तेच मी त्यांना परत घ्यायला लावलं.

१५ सप्टेंबर

आईचा फोन. घेतला नाही.

१६ सप्टेंबर

महिना झाला, आई माझ्याकडे सरळ बघत नाही. घरी गेले की ताट वाढते आणि आत जाते. मला वाटायचं, दुःख. नाही. तिला कळलंय. मी पिशवी धरलेली तिनं पाहिलीय.

उद्या घरी जाते. दादा म्हणतो, "ये गं, आई धड दोन घास खात नाही."

१७ सप्टेंबर

आईला सगळं सांगितलं. आम्ल, श्वास, सगळं. माझ्यामुळे झालं, म्हटलं.

ती म्हणाली, "तू दाराबाहेर पडलीस आणि मी ती पिशवी काढून टाकली. गुदमरत होते गं, बघवेना. तू काढू नकोस म्हणाली होतीस, तरी काढली. महिनाभर वाटतंय – मीच मारलं त्यांना. तुला तोंड कसं दाखवू?"