चपला काढून बघितलेलं घर

आई, तू गेलीस तेव्हा आमचं इथलं, अमेरिकेतलं रेडमंडचं घरही झालेलं नव्हतं, आणि आज तुला सांगायचंय ते दुसऱ्या घराबद्दल. दुसरं म्हणजे राहायला नव्हे. सुट्टीत आठवडाभर आपण जायचं आणि उरलेलं वर्ष अनोळखी लोकांना भाड्याने द्यायचं, अशी पद्धत इथे आता फार बोकाळली आहे. हवाईच्या मोठ्या बेटावर, पावसाकडच्या अंगाला एक गाव आहे. बाकी हवाईत घराला हात लावायची सोय नाही, पण इथे जवळच ज्वालामुखी आहे आणि सारखी झड लागलेली असते, म्हणून घरं स्वस्त. इथल्या महाराष्ट्र मंडळातली दोन जोडपी आणि आम्ही दोघं, असं सहा जणांनी मिळून घ्यायचं ठरलं. तुझा जावई विमानात बसायच्या आधीच म्हणाला, "इतकं स्वस्त आहे, घेऊनच टाकू यार." मला तेव्हाच कसंतरी झालं, पण मी फक्त खिडकीची सीट मागितली.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, आपल्या पडवीत. मे महिन्यात पुण्याची मंडळी समुद्रावर यायची आणि तुझ्याकडे पैसे देऊन जेवायची. मी पानं मांडतेय, तू आत चुलीपुढे घामाने निथळतेयस, आणि बाहेर सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेली एक बाई पुन्हा सोलकढी मागून नवऱ्याला सांगतेय, "अहो, किती स्वस्त आहे इथे सगळं! एक घर घेऊन टाकू या." तू हसून सोलकढी वाढलीस, भात हवा का विचारलंस, आणि आत येऊन पळी आपटलीस. "घेऊन टाकू म्हणे. घर म्हणजे काय कोथिंबिरीची जुडी आहे?" मी खुदकन हसले तर माझ्यावरच डाफरलीस, "दात काय काढतेस? उद्या तूही अशीच बोलशील." मला त्या बाईची इतकी किळस आली होती की तिची वाटी मी राखेने दोनदा घासली.

तर आम्ही घर बघायला गेलो. आई, तू असतीस तर तुला ते आपल्या वाडीतलंच वाटलं असतं. पत्र्याचं छप्पर, पागोळ्यांचं पाणी साठवायची टाकी, दारात जास्वंद, मागे केळी, आणि सगळीकडे तो ओल्या पाल्याचा वास. आत भाडेकरू होती, साधारण तुझ्या शेवटच्या वर्षांतल्या वयाची, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली. शेजारपाजारची पोरं तिला आंटी म्हणत होती, आपण मावशी म्हणतो तसं. एजंट आधीच बजावून बसला होता की भाडेकरूशी बोलू नका, ती निघून जाईल, तो काही प्रॉब्लेम नाही. तो बूट घालून सरळ आत गेला. आम्ही सहाही जण मात्र सवयीने पायरीवर चपला काढून, नीट जोड्या लावून आत शिरलो. तिकडेही तीच रीत आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती दारात उभी राहून त्या जोड्यांकडे बघत होती. मला हळूच म्हणाली, "चपला काढणारी माणसं आहात. मला वाटलं होतं, कोण येतंय कोण जाणे."

त्या एवढ्याशा गोष्टीवर तिने आमचा विश्वास धरला. मला स्वयंपाकघरात नेलं. बाहेर आमच्यातली एक बाई खिडकीला टेप लावून सांगत होती की ही तोडून डेक, म्हणजे बाहेर बसायला लाकडी ओटा, काढू, आणि आत ही मला नारळाच्या दुधातल्या तांदळाच्या वड्या कापून देत होती. तोंडात घातली आणि तुझी सांदणं आठवली. मग तिने विचारलं, "तुम्ही घेतलंत तर मला राहू द्याल ना? मला फार जागा लागत नाही." आणि मी काय म्हणाले असेन? "बघू या." आपल्याकडे नाही म्हणायचं असलं की म्हणतात ते. तिला ते हो वाटलं. उरलेल्या वड्या तिने निळ्या काठाच्या वाडग्यात भरल्या आणि म्हणाली, "वाडगा सावकाश आणा, तुम्ही आता येणारच आहात." चपला काढून आम्ही तिच्या घरात शिरलो होतो, तिलाच बाहेर काढायला. स्वतःची इतकी शिसारी मला आजवर कधी आली नव्हती.

हॉटेलवर त्या वड्या सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. डेकवाली म्हणाली, "मस्तच आहेत गं! गेस्टना वेलकम म्हणून अशाच ठेवू या. तिच्याकडून रेसिपी घेऊन ठेव ना, ती जायच्या आधी." एकेक जण फोनवर बोट फिरवून खरेदीची सही करत होता. फोन माझ्यापुढे आला तेव्हा मी म्हटलं, मी करणार नाही. तुझा जावई मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, ऐनवेळी काय हे? मंडळात तोंड कसं दाखवायचं? आणि आपण नाही घेतलं तर दुसरं कोणी घेईलच. तो तरी चपला काढून आत जाईल का?"

"बूट घालून गेलेला परवडला," मी म्हटलं. "निदान तिला कळेल तरी, कोण आलंय ते."

आमचा वाटा मंडळातल्याच कुणाच्या तरी मेहुण्याने घेतला. घर गेलंच. माझ्या नाही म्हणण्याने तिचा एक पत्राही वाचला नाही, आणि वर मंडळात मी आता फार शहाणी म्हणून ओळखली जाते. गणपतीला डेकवालीने मला प्रसाद असा दिला की जणू माझ्या हाताला काही लागलंय. मी एजंटला फोन करून त्या बाईचा पत्ता विचारला. सॉरी, तशी माहिती आम्ही ठेवत नाही, म्हणाला.

वाडगा माझ्याकडेच आहे. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, हे तुझंच. म्हणून मी त्यात साखर घालून ठेवते, साखरेला मुंग्या लागल्या की बदलते. न्यायचा कुठे, ठाऊक नाही. हे पत्रही त्याच्याच शेजारी पडून राहील.

आता त्या घराचे फोटो भाड्याच्या साइटवर आहेत. जास्वंद काढलीय, डेक झालाय, आणि दारात पाटी लावलीय: कृपया चपला बाहेर काढा. बघून मला पुन्हा तीच शिसारी आली. पण तुला खोटं कशाला सांगू, आई. पाऊस, केळी, तो पत्रा बघत मी बराच वेळ बसले, आणि मग आम्हा दोघांसाठी पुढच्या महिन्यातल्या तारखा टाकून बघितल्या. मोकळ्या होत्या.