तोंड तेवढं झाकलं होतं

आई, तू जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज तुझा ओरडा खावासा वाटतोय. इथं मला कुणी बोलतच नाही गं. सगळे म्हणतात, जाऊ द्या हो, तुमची काय चूक.

सोलापुरात गणवेश शिवणारे काय कमी आहेत? सगळीकडे माप घेणारा आकडे मोठ्यानं सांगायचा, लिहिणारा लांबून लिहून घ्यायचा. तू मात्र मुलींना पडद्याआड न्यायचीस आणि आकडा माझ्या कानात सांगायचीस. मी सातवीत असेन. एकदा कंटाळून मी तो आकडा मोठ्यानं म्हणत लिहिला, "छाती अठ्ठावीस!" बाहेर त्या पोरीच्याच वर्गातली मुलं बसलेली. तू कात्री खाली ठेवलीस. ती पोरगी खाली मान घालून गेल्यावर म्हणालीस, "तिचं माप तिचं हाय. आपल्याला शिवण्यापुरतं दिलंय तिनं." मी दोन दिवस फुगून बसले. एवढ्याशा गोष्टीचं केवढं करते ही, असं वाटलं होतं मला.

आता दुकान मी बघते. गिऱ्हाईक मोबाइलवर बघून येतं, म्हणून मीही व्हिडिओ टाकायला लागले. शाळा सुरू व्हायच्या आधी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन शिवलेला गणवेश न्यायला आली. कपडा अंगात घातला आणि पोरगी आरशासमोर गिरकी घेत ओरडली, "आये, ह्याला दोन खिसे हायत की!" इतकं गोड बोलली की मी ते व्हिडिओत जसंच्या तसं ठेवलं. तोंडावर मात्र भलंमोठं सूर्यफूल चिकटवलं. एवढं कोण करतं, म्हणून स्वतःवरच खूश होते मी. आणि शेवटी फोन नेला थेट खिशावर. शाळेचा लोगो मी नव्या मशीनवर भरला होता, शाळेच्या नावाचं अक्षर न् अक्षर लई साफ उठलं होतं. ते दाखवायचा सोस मला मेलीला!

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती बाई मोहोळहून लेकीला घेऊन निघून आली होती. पोरगी कुठल्या शाळेत आहे, हे तिनं माहेरीसुद्धा कळू दिलं नव्हतं. व्हिडिओ फिरत फिरत त्या माणसाच्या फोनवर गेला. लेकीचा आवाज ओळखायला बापाला तोंड कशाला लागतंय? शाळेचं नाव खिशावर होतंच. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात तो फाटकाशी येऊन उभा राहिला. वर्गाच्या बाईंनी पोरीला त्याच्या ताब्यात दिलं नाही, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी पोरीच्या आईनं शाळेतून तिचं नाव काढून घेतलं.

गाव सोडण्याआधी ती दुकानात आली. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तेवढं काढून टाका की आता." मी तिच्यासमोरच काढलं, पण तोवर ते किती जणांकडे गेलं असेल, देव जाणे. पोरगी साध्या फ्रॉकमध्ये उभी होती. मला म्हणाली, "आता जी शाळा मिळंल, तिचा ड्रेस बी तुमीच शिवनार का?" आईनं तिला हाताला धरून नेलं. कुठं नेलं ते मी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार होते?

आता मी कुणाच्याच लेकराचा व्हिडिओ काढत नाही. लोक म्हणतात, शहाणी झाली. मी सगळ्यांना सांगते, बाईनं आधी सांगितलं असतं तर मी टाकलाच नसता. खोटं आहे ते. मी फोन काढला तेव्हाच ती म्हणाली होती, "नको ताई, हिचा नको." मी हसून म्हटलं, "अहो, तोंड झाकते की." ती गप्प बसली, आणि मी ते हो धरलं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायला धीर झाला. तू समोर असतीस ना आई, तर तुलाही मी तेच खोटं सांगितलं असतं.