वाद्यांचा उपास

पप्पा, आज इथे इंग्लंडात, मेडनहेडमध्ये पॅनकेक डे आहे. आपल्याकडे तीन दिवस चालणारा इंत्रूज, उपवासाआधीचा कार्निव्हल, इथले लोक एका तव्यावर उरकतात. उद्या राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू, म्हणून घरातली अंडी, लोणी, साखर संपवायची, पॅनकेकवर लिंबू पिळून खायचं आणि भांडी डिशवॉशरमध्ये टाकायची. गाणं नाही, वाजवणं नाही. तुम्ही म्हणाला असतात, यांनी आधी मजाच केली नाही, तर उपास कशाचा करणार?

सावंतवाडीतलं तुमचं शिवणाचं दुकान इंत्रूजचे तिन्ही दिवस बंद असायचं, गिऱ्हाइकं कितीही बडबडोत. आपण एसटीने गोव्यातल्या तुमच्या गावी जायचो. शहरातल्या चित्ररथांच्या कार्निव्हलला तुम्ही सरकारी मिरवणूक म्हणायचात. सण पोर्तुगीजांनी आणला हे तुम्हाला मान्य होतं, पण भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात उभं राहून भाटकाराचीच टर उडवायची अक्कल आपली, असं तुम्ही ऐटीत सांगायचात. तुमचा खेळ, म्हणजे गावकऱ्यांचं नाटक, अंगणाअंगणातून फिरायचा. एक प्रवेश संपला की कॉर्नेट, व्हायोलिन आणि ढोल, मग पुढचा प्रवेश. सगळ्यांच्या अंगात जांभळ्या सॅटिनचे, सोनेरी टिकल्या लावलेले कोट, तुम्ही शिवलेले. मला अजून दिसतं: आई पायरीवर बसली आहे, तुम्ही गाल फुगवून कॉर्नेट वाजवताय आणि मध्येच तिच्याकडे बघताय. ती मान फिरवते, पण हसतेच.

मंगळवारी संध्याकाळी चर्चची घंटा झाली की तुम्ही सूर अर्ध्यावर तोडायचात. पुढच्या दोन फुंकांत चाल संपणार असली तरीही. दुसऱ्या दिवशी कपाळाला राख लागायची आणि कॉर्नेट आईच्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर जायचं, ते थेट ईस्टरला खाली यायचं. मी बारा वर्षांची असताना उपवासकाळातच ते काढून एकदा फुंकलं. तुम्ही मशीन थांबवलंत. मारलं नाहीत. “वाद्यांनाही उपास असतो,” एवढंच म्हणालात आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं, असं मला वाटलं होतं.

तुम्ही गेलात तेही उपवासकाळात. मी इथून धावत आले. सासरची माणसं पुण्याहून आली होती, पांढऱ्या कपड्यांत, गप्प. गावच्या सिमितेरीच्या, म्हणजे दफनभूमीच्या, फाटकाशी तुमचे खेळाचे सोबती उभे होते. ढोलाला चामड्याचं ठिगळ, अंगात ते जांभळे कोट, बटणं न लागणारे. ढोलवाले अंकल पुढे आले. “एकच वाजवू गो बाय? त्याचीच चाल.” मी म्हटलं, “उपवासकाळ आहे, अंकल. पप्पांना चाललं नसतं.” त्यांनी मान डोलावली. मग ते सगळे वाद्यं काखेत धरून मागे उभे राहिले आणि तुमच्यावर माती पडताना कसलाही आवाज झाला नाही. इतकी वर्षं मी हेच म्हणत आले, की मी तुमचा शब्द पाळला.

तुमचं कॉर्नेट मी इकडे आणलंय, त्याच साडीत. मुलगी शाळेच्या बँडमध्ये आहे. परवा म्हणाली, “आई, आजोबांचा कॉर्नेट किती छान आहे! मिसने सांगितलं, घरचा एक ट्यून आणा.” तुमची चाल मला सुरुवातीचीच येते. म्हणून आज दुपारी अंकलना फोन लावला. ते फार थकलेत, पण चाल पूर्ण गुणगुणून दाखवली. शेवट किती साधा आहे, पप्पा! मग सहज म्हणाले, “तुझी आवस गेली तेव्हाय उपासच होते गो. पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझो पप्पा कॉर्नेट घेऊन थंय गेलो. हीच चाल, शेवटापर्यंत वाजवल्यान. हळूच. मी फाटकात उभो होतंय म्हणान ऐकूक इला.”

आईला पुरल्यावर मी लगेच परीक्षेसाठी पुण्याला परतले होते. मला कुणी सांगितलंच नाही.

मी अंकलना विचारलं, मग त्या दिवशी फाटकाशी का नाही बोललात? म्हणाले, “तू लेक. तुझो शब्द मोठो.” नेटवर्क गेलं असं सांगून मी फोन ठेवला.

पप्पा, हा कागद मी साडीच्या घडीत, कॉर्नेटजवळ ठेवते. अंकलना फोनवर सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते. त्या दिवशी मला तुमचा उपास आठवला नव्हता. सासरच्या माणसांदेखत मला त्या कोटांची लाज वाटली होती.