तलावपाळीच्या बाकावर सापडलेला तुमचा भाऊ

ठाणे, गुरुवार

तीर्थस्वरूप हेमावन्सं,

सरोजचा नमस्कार. तुमचे गुडघे, छातीतली धडधड आणि डोंबिवलीचं पाणी, तिन्ही ठीक असावं. धडधडीचं मात्र नीट कळवा, नुसतं "चाललंय" नको. पाकीट बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात मध्येच बोलायची सोय नसते, म्हणून पत्र.

बातमी अशी की तुमचा भाऊ सापडला.

(पाणी प्या. होय, चार वर्षांपूर्वी गेले तेच. माझं डोकं ठिकाणावर आहे, पुढे वाचा.)

झालं असं की आमचं वाचनालय वाळवीचं औषध मारायला आठवडाभर बंद. दुपारी हातात पुस्तक नसलं की मला घर खायला उठतं, म्हणून बाहेर पडले आणि चेंदणीकडे खाडीजवळची ती जुनी जकात कचेरी आहे ना, तिच्यात शिरले. तिथे आता चित्रांचं दालन केलंय. प्रवेश फुकट, आणि दगडी भिंती इतक्या जाड की मे महिना दारातूनच परत जातो. इमारत ऐतिहासिक असल्यामुळे भिंतीला खिळा मारायची सक्त मनाई आहे (हा नियम आमच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी लावा), म्हणून सगळी चित्रं वरच्या तुळयांना दोऱ्यांनी टांगलेली. खाडीवरून वारा आला की बोटी, देवळं, फुलदाण्या, सगळं सावकाश गोल फिरतं आणि बघणाऱ्याला त्यांच्यामागून फिरावं लागतं. कलेसाठी एवढी प्रदक्षिणा मी देवळातही घातलेली नाही.

फिरता फिरता एका चित्रासमोर आले. तलावपाळीचा बाक, कलतं ऊन, बाकावर एक माणूस आडवा, तोंडावर उघडं पुस्तक पालथं. एक चप्पल पायात, एक खाली. निळ्या चौकटीचा शर्ट आणि पोटावरचं एकच बटण काळं. वन्सं, ते बटण मी लावलंय. पांढरं मिळेना म्हणून जुन्या कोटाचं काढून लावलं होतं. बाकाला अडकवलेली पिशवीही आमच्या स्वयंपाकघराच्या पडद्याची.

आता आठवा. खोपटच्या डॉक्टरांनी यांना रोज संध्याकाळी तलावाला पाच फेऱ्या सांगितल्या होत्या. हे रोज "तुझं पुस्तक बदलतो आणि फेऱ्या मारून येतो" म्हणून निघायचे. परत आले की "आज सहा झाल्या" म्हणून सांगायचे. मी त्यांना लिंबाचं सरबत द्यायचे. तळव्यांना खोबरेल चोळायचे! दमून आलेत म्हणून! आणि तुमचा भाऊ डोळे मिटून "जरा टाचेकडे" म्हणायचा. (नवरा म्हणून काही म्हणायचं असलं की मी "हे" म्हणते. या प्रकरणात ते तुमचे भाऊ आहेत.)

आणखी एक कोडं सुटलं. वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला यांच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा. मी तर एकदा वाचनालयात तक्रारही केली होती, की तुमच्याकडे कोणीतरी पुस्तकं उशाला घेतं. हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "लोकांना कदर नाही बघ." आता पुस्तकांना नुसता कागदाचा वास येतो.

तर मला राहवलं नाही. तिथेच त्यांना बोलायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं बोलायला परत गेले. तिसऱ्या दिवशीही. पण मी ऐन मुद्द्यावर आले की वारा यायचा आणि हे भिंतीकडे तोंड करायचे. अगदी घरच्यासारखं. तिथला राखणदार धाकू चेंदणी कोळीवाड्यातलाच आहे, भला माणूस. तो म्हणायचा, "बाय, काका परत वलले. थांब, सरल करतो." आणि चित्र माझ्याकडे फिरवून धरून ठेवायचा. जिवंतपणी असा कोणी धरून ठेवणारा मिळाला असता तर माझी किती भांडणं पुरी झाली असती.

चौथ्या दिवशी बघते तर मागे कॉलेजची मुलं मांडी घालून बसलेली. एक मुलगी डोळे पुसत होती. व्यवस्थापक कादंबरी मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमचा प्रयोग फारच सुंदर. रविवारी समारोपाला कराल का?" मी म्हटलं, "अगं, हा प्रयोग नाही, हा माझा नवरा आहे." तर मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एक प्रश्न मात्र मी कोणी नसताना विचारला. खरंच फेऱ्या मारल्या असत्या तर अजून असता का हो? तेव्हा वारा नव्हता. हे माझ्याकडेच तोंड करून होते. त्यांनाही माहीत नसावं.

मग चित्र काढणारी अंतरा भेटली. तिशीची असेल. मी बटणाचं सांगितल्यावर ती खालीच बसली. म्हणाली, "काकांना मी विचारलेलं, काढू का म्हणून. ते म्हणाले, काढ, पण तोंड नको. घरी कळलं तर सरबत बंद होईल." आणि स्वतःच पुस्तक तोंडावर घेऊन झोपले. आधी अर्धं वाचायचे म्हणे, मला कोणतं आवडेल ते बघायला.



चित्राची किंमत विचारली. धाकूने मला पाणी आणून दिलं. तसंही ते विकलं गेलंय, आणि रविवारनंतर हे तिथे नसतील. आपलं माणूस दुसऱ्यांदा न्यायला येतात तेव्हा काय करायचं असतं, हे कोणत्याच पुस्तकात मला सापडलं नाही.

असो. भावोजींना नमस्कार, मयूरला आशीर्वाद.

तुमची,
सरोज

ता. क. चित्र कोणी घेतलं ते लिहायचं राहिलं. खोपटच्या डॉक्टरांनी. दवाखान्यात पेशंट बसतात तिथे लावणार आहेत. दालनात भेटले तेव्हा मला म्हणाले, "किती निवांत माणूस आहे, बघूनच ब्लडप्रेशर उतरेल." "रोज चाला" या पाटीच्या बरोबर समोर लावतायत. डॉक्टरांपासून काही लपवू नये म्हणतात, पण मी लपवलं.

ता. क. २. तुमची धडधड अंगावर काढू नका. याच डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ मी तुमच्या नावाने घेतली आहे. मयूरला सुट्टी काढायला लावू नका, तुमच्यासोबत मीच येईन. मी एकटी गेले असते, पण मला काही होत नाही आणि खोटं दुखणं सांगणं मला जमत नाही. तुमचं खरं आहे. फेऱ्या सांगितल्या तर त्याही मी तुमच्याबरोबर मारेन, बाकाकडे बघूही देणार नाही.

ता. क. ३. ते डॉक्टर दोन-दोन तास बाहेर बसवून ठेवतात, अशी तुमची जुनी तक्रार आहे. म्हणून शेवटचा नंबर घेतलाय.